तुरट पाण्याची पखाल

पूर्वी मरुद्वार नावाच्या नगरीत उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका चर्मकाराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव क्षेमक ठेवले होते. ही नगरी वाळवंटाच्या तोंडाशी वसली होती. पश्चिमेच्या वेशीबाहेर पडले की झाडे विरळ होत, मग खुरटी होत, आणि पुढे नुसती वाळू लागे. समुद्रकाठच्या देशांकडे जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे याच वेशीतून बाहेर पडत. वाटेत पाणी मिळेलच याचा भरवसा नसे, म्हणून ते पाणी बरोबर नेत. त्यासाठी लागणाऱ्या कातड्याच्या मोठ्या पिशव्या, म्हणजे पखाली, शिवणाऱ्यांची एक गल्लीच वेशीजवळ होती.

क्षेमकाला चित्रक नावाचा धाकटा भाऊ होता. वडील वारल्यावर दोघे मिळून दुकान चालवीत. त्यांच्या पखालीच्या तोंडाशी पांढऱ्या कातडी वादीने एक मासोळी शिवलेली असे. ती खूण वडिलांची होती, आणि दोघा भावांनी ती तशीच ठेवली होती.

कातडे कमावण्याची त्यांच्या घरची रीत संथ होती. बाभळीची साल कुटून कुंडात घालायची, तिच्यात कातडे बुडवून ठेवायचे, साल निःसत्त्व झाली की नवी घालायची. पखाल शिवून झाली की तिच्यात पाणी भरून ती अंगणातल्या खांबावर भर उन्हात टांगायची, एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत. तेवढ्या काळात ती पाझरली नाही तरच तिच्यावर मासोळी शिवायची.

अशी पखाल वर्षानुवर्षे टिके. पण नवी असताना तिच्यातले पाणी चहूबाजूंनी साल चाखून येई. रंग तपकिरी, आणि चव अशी तुरट की जीभ टाळूला चिकटावी. क्षेमक हे लपवीत नसे. गिऱ्हाईक दारात आले की तो आधी वाटीभर पाणी त्याच्या हातात देई आणि म्हणे, "हे पिऊन बघा. महिना-दोन महिने असंच लागेल. मग जाईल."

चित्रकाला माणसांचे चेहरे न्याहाळायची सवय होती. वाटी तोंडाला लागल्यावर गिऱ्हाइकाच्या भुवया कशा वर जातात, ओठ कसे आत ओढले जातात, आणि मग ते कसे हळूच वाटी खाली ठेवून शेजारच्या वासवाच्या दुकानाकडे पाहते, हे सगळे त्याला पाठ झाले होते. वासव त्यांचा शेजारी आणि प्रतिस्पर्धी. त्याच्या पखाली बऱ्यापैकी असत आणि त्याची जीभ त्यांच्याहून चांगली चाले. तो आपल्या ओट्यावरून म्हणे, "क्षेमका, तुझं पाणी प्यायचं असतं की दातांना लावायचं?" गल्ली हसे. क्षेमकही हसे. चित्रकाला मात्र ते हसणे अंगावर ओरखडा काढल्यासारखे लागे.

जे लोक मासोळीची पखाल घेऊन वाळवंट पार करून येत, ते पुन्हा दुसरीकडे जात नसत, हेही चित्रक पाहत होता. ते फारसे बोलत नसत. दुकानात येत, नव्या पखालीवर हात ठेवीत, आणि हीच द्या म्हणत. पण असे गिऱ्हाईक परत यायला वर्ष लागे. दारातून परत जाणारे गिऱ्हाईक रोज दिसे.

एकदा चित्रक भावाला म्हणाला की, वासवाच्या शिवणी दुसऱ्या वर्षी उसवतात हे तुला ठाऊक आहे, मग तू लोकांना ते सांगत का नाहीस. क्षेमक वादी ओढता ओढता म्हणाला, "त्याच्या पखालीचं त्याला विचारतील. आपल्याला आपल्या पखालीचं विचारलंय."

त्यानंतर चित्रकाने हा विषय काढला नाही. पण दादाचे काम एवढे चोख असून नगरात कुणी त्याचे नाव घेत नाही, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली.

पावसाळा आला की तांडे बंद असत. त्या दिवसांत क्षेमक रानात जाऊन सालीची आणि गावोगाव हिंडून कातड्यांची बेगमी करी. त्या वर्षी तो निघाला तेव्हा दुकान चित्रकाच्या हाती आले. चित्रकाने ठरवले की दादा परत येईल तेव्हा दुकानापुढे गर्दी उभी असेल.

त्याने कमावलेले कातडे घेऊन निरनिराळे प्रयोग केले. नुसत्या पाण्याने कितीही धुतले तरी तपकिरी रंग येतच राही. शेवटी त्याने चुलीची राख पाण्यात कालवली, वरचे निवळ काढले आणि त्यात कातडे रात्रंदिवस भिजत ठेवले. सकाळी पाहतो तर सगळा रंग पाण्यात उतरला होता आणि कातडे हस्तिदंतासारखे उजळ झाले होते. मग त्याने ते तेलाने मऊ केले, पखाल शिवली, आणि आत वाळ्याची जुडी घालून पाणी भरले. त्या पाण्याला ना रंग होता, ना तुरटपणा. होता तो फक्त वाळ्याचा गारवा.

चित्रकाने ती पखाल टांगली. ती पाझरते का हे पाहणे हा त्याचा हेतू खरा होता. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिच्यातले पाणी चाखायला द्यायचे तर ते थंड हवे, म्हणून त्याने ती अंगणातल्या उन्हात न टांगता दुकानाच्या दारात, निंबाच्या सावलीत टांगली. लोक पीत, तो पुन्हा भरी. पौर्णिमा आली, गेली, आणि पखालीतून थेंब गळला नाही. त्याने समाधानाने तिच्यावर मासोळी शिवली. आपण घरची रीत पाळली असेच त्याला वाटले.

वाटी खाली ठेवताना माणसे आता हसू लागली. कुणी दुसरी वाटी मागे. "गोड पाण्याची पखाल" हे नाव कुणी ठेवले ते कळले नाही, पण चार दिवसांत ते सगळ्या गल्लीच्या तोंडी झाले. चित्रक बाजारातून चालला की अनोळखी लोक त्याला थांबवून विचारपूस करू लागले. ज्यांनी आजवर त्याला क्षेमकाचा धाकटा म्हणूनच ओळखले होते, ते आता त्याला नावाने हाक मारू लागले. त्या हाकेची त्याला फार लवकर सवय झाली.

पाऊस सरल्यावर क्षेमक परत आला. दुकानापुढची गर्दी पाहून तो गाडीतून उतरायचे विसरला. मग खाली उतरून त्याने एक नवी पखाल हातात घेतली, तिच्या पोटावरून अंगठा फिरवला, तोंडाशी नाक नेले.

"कशात धुतलंस हे?"

"साल तीच आहे दादा. शेवटी जरा जास्त धुतलं, एवढंच."

क्षेमकाने भावाकडे पाहिले. चित्रकाच्या तोंडावर इतका आनंद होता की तो आनंद मोडेल असे काही विचारणे त्याच्या जिवावर आले. तो मान हलवून आत गेला आणि हातपाय धुऊ लागला.

त्या काळी नगरीतला सगळ्यात मोठा सार्थवाह, म्हणजे तांड्याचा प्रमुख, अनुरथ नावाचा होता. त्याच्या वडिलांपासून त्यांच्या तांड्यात मासोळीच्या पखाली होत्या. या वर्षी त्याने तांडा वाढवला होता, म्हणून जुन्या पखालींच्या जोडीला त्याने चित्रकाच्या गोड पाण्याच्या पखाली भरपूर घेतल्या. शरद ऋतू लागला आणि त्याच्या निघण्याचा दिवस ठरला.

निघण्याच्या आदल्या दिवशी, उन्हे कलत असताना, पिंगल नावाचा पाणक्या दुकानाशी आला. तो बैलावर पखाल लादून नगरात घरोघर पाणी घालायचा. त्याच्या बैलाच्या दोन्ही कुशी ओल्या होत्या.

"चित्रका, तुझ्या पखालीनं माझ्या बैलाची मजा केलीय," पिंगल म्हणाला. "रोज आंघोळ. मी गिऱ्हाइकाच्या दारात पोचतो तेव्हा बैल स्वच्छ आणि पखाल रिकामी."

चित्रकाने पाहिले. पखालीच्या पाठीवर, जिथे दिवसभर ऊन लागे तिथे, कातडे तडकले होते. त्याने घाईने वासवाच्या ओट्याकडे वळून कुणी ऐकत नाही ना हे पाहिले, पिंगलाला दुसरी पखाल दिली, आणि ही गोष्ट कुणाला सांगू नकोस म्हणून हळू आवाजात विनवले. पिंगल भला माणूस होता. "मी पाणी घालतो बाबा, बातम्या नाही," असे म्हणून तो बैलाला घेऊन निघून गेला.

चित्रकाने मागच्या पडवीत जाऊन ती पखाल उभी कापली. बाहेरून कातडे सुकून कडक झाले होते. आतून ते पांढुरके आणि बुळबुळीत होते, बोटाने दाबले की बोट रुतत होते. राखेच्या पाण्याने नुसता रंग काढला नव्हता. सालीने कातड्याला दिलेले सगळे बळ त्या रंगाबरोबर वाहून गेले होते. सावलीत ते कळले नव्हते. वाळवंटात सावली नव्हती.

तो उठला तेव्हा क्षेमक मागे उभा होता. त्याने किती वेळ पाहिले होते कोण जाणे.

"राख?" त्याने विचारले.

चित्रकाने मान हलवली.

"अनुरथ सकाळी निघतोय. तू जाऊन सांग त्याला."

चित्रक बरेच काही बोलला. पहिल्या मुक्कामाला विहीर आहे, तिथे त्यांना आपोआप कळेल. त्यांच्याकडे जुन्या पखालीही आहेत. सगळ्याच नव्या काही फुटणार नाहीत. आता सांगितले तर मुहूर्त मोडेल आणि अनुरथ आयुष्यात या दुकानाची पायरी चढणार नाही. हे सगळे बोलताना त्यातले एकही वाक्य खरे नाही हे त्याला स्वतःलाच ऐकू येत होते. पहिली विहीर ओलांडली की पुढे कित्येक मुक्काम पाणी नव्हते, आणि पखाली तडकणार होत्या त्या तिथेच.

शेवटी तो म्हणाला, "दादा, माझं नाव आत्ता कुठं झालंय."

"नाव राहतं लोकांच्या तोंडात," क्षेमक म्हणाला. "तीच तोंडं कोरडी पडली तर ते कुठं राहील?"

मग तो त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला की, चूक माझीही आहे, मी एकदा विचारले आणि दुसऱ्यांदा विचारले नाही.

सकाळी दोघे वेशीवर गेले. तांडा उभा होता. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, बायकामाणसे कुंकू लावीत होती, आणि पखाली पाण्याने तट्ट फुगून बैलांच्या पाठीवर डुलत होत्या. अनुरथ समोर दिसला तेव्हा क्षेमक थांबला आणि चित्रकाकडे पाहू लागला. नुसते पाहत राहिला.

चित्रकाने तोंड उघडले. समोर अनुरथ हसत हात वर करून त्याचेच नाव घेत होता, आसपासची माणसे वळून पाहत होती. त्याने मान खाली घातली.

क्षेमक पुढे झाला. त्याने अनुरथाला नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नव्या पखाली कच्च्या आहेत. वाळवंटात फुटतील. त्या नेऊ नका. जुन्या पक्क्या आहेत, त्या ठेवा."

अनुरथाचे हसू मावळले. त्याने विचारले, "शिवल्या कुणी?"

"खूण आमच्या घराची आहे. घरात मोठा मी आहे."

"हे तू आत्ता सांगतोस? बैल लादल्यावर?"

"काल संध्याकाळी कळलं. कालच यायला हवं होतं."

गर्दीतून वासवाचा आवाज आला, "मासोळी पाण्याबाहेर आली एकदाची." लोक हसले. अनुरथ हसला नाही. त्याच्याबरोबर म्हातारी माणसे होती, लेकुरवाळ्या बायका होत्या. तो क्षेमकाला म्हणाला, "ज्या घरातून या बाहेर पडल्या, त्याच घरातून जुन्याही आल्यात. एका तोंडानं वाईट म्हणतोस, त्याच तोंडानं चांगल्या म्हणतोस. मी कशावर विश्वास ठेवू?" आणि त्याने माणसांना सगळ्या पखाली उतरवून फाडायला सांगितल्या.

त्या वेळी चित्रकाने एक वाक्य बोलायला हवे होते. नव्या पखाली मी एकट्याने केल्या, दादा तेव्हा नगरात नव्हता. एवढे ऐकल्यावर अनुरथाने क्षेमकाचा शब्द मानला असता आणि जुन्या पखालींना हात लावला नसता. चित्रकाला हे तेव्हाही कळत होते. वाक्य त्याच्या ओठांवर तयार होते. आत्ता बोलू, ही एक फाडली की बोलू, असे तो मनाशी म्हणत राहिला.

वेशीतल्या मातीत पाण्याचे लोट वाहू लागले. नव्या पखाली फाटल्या तेव्हा त्यांची आतली बाजू पांढरी निघाली. जुन्या पखाली आतून गर्द तपकिरी होत्या, बाभळीच्या गाभ्यासारख्या, आणि इतक्या चिवट की माणसांना त्या फाडताना दोन्ही हातांनी सुरी दाबावी लागली. पण लोकांना त्यातले काय कळणार. एक जण तपकिरी कातडे उंच धरून म्हणाला, "हे बघा, आतून कुजलंय." बायांनी पदर नाकाला लावला. त्या ढिगात दोघांच्या वडिलांनी शिवलेल्या पखालीही होत्या. चित्रकाने त्यांची शिवण ओळखली. क्षेमकानेही ओळखली असणार, पण तो हात जोडून तसाच उभा राहिला आणि शेवटची पखाल फाटेपर्यंत हलला नाही.

अनुरथाने वासवाकडून आणि गल्लीतल्या इतरांकडून पखाली घेतल्या आणि नवा मुहूर्त काढून तांडा हलवला. भरपाई म्हणून क्षेमकाने आपली बैलगाडी त्याला दिली.

वसंत ऋतूत तांडा परत आला. सगळी माणसे सुखरूप होती. म्हातारी माणसे परत आली, मुले उन्हाने काळी होऊन आणि उंच होऊन परत आली. वेशीवर ढोल वाजले. त्यांच्यापैकी कुणालाही असे वाटले नाही की आपण कशातून तरी वाचलो. जे घडलेच नाही त्याची आठवण कुणी ठेवत नाही. त्यांच्या लक्षात एवढेच राहिले की क्षेमकाने आयत्या वेळी घोळ केला आणि निघायला उशीर झाला. पुढे मुक्कामावर शेकोटीभोवती सांगायची ती एक गंमत झाली. कुणाचे काम बिघडले की लोक म्हणत, काय रे, मासोळी शिवलीस का?

गर्दी ओसरली ती कायमची. चित्रकाने राखेचे पाणी पुन्हा कधी केले नाही. दोघे भाऊ जुन्या रीतीने पखाली करीत, उन्हात टांगीत, आणि त्या टांगलेल्याच राहत. मग क्षेमक दुसऱ्यांच्या उसवलेल्या पखाली दुरुस्त करू लागला. वासवाच्याही करी. शिवण अशी घाली की ती पुन्हा उसवत नसे, आणि त्या कामाचे नाव वासवाला मिळे. पुढे तेही काम कमी झाले तेव्हा त्याने आपलीच एक पखाल खांद्यावर घेतली आणि वेशीवर येणाऱ्या वाटसरूंना तो पाणी पाजू लागला. तुरट लागले की ते तोंड वाकडे करीत. तो म्हणे, जाईल हळूहळू.

एकदा चित्रकाने त्याला विचारले, "दादा, तू तेव्हा माझं नाव का घेतलं नाहीस?"

"मी घेतलं असतं तर ती चहाडी झाली असती. ते तुझं तू घ्यायचं होतंस."

"मी सांगतो. अनुरथाला जाऊन सांगतो."

"सांग," क्षेमक म्हणाला. त्याच्या आवाजात घाईही नव्हती आणि टोचणीही नव्हती. थोडी टोचणी असती तर चित्रक त्याच दिवशी उठून गेला असता, असे त्याला पुढे पुष्कळदा वाटले.

तो गेला नाही. आधी तांडा बाहेरगावी होता. मग अनुरथाच्या घरी लग्न होते, अशा वेळी जुने उकरून काढणे बरे दिसले नसते. मग त्याच्या स्वतःच्या मुलीसाठी स्थळे येऊ लागली, आणि मुलीचे लग्न होईपर्यंत बापाने आपल्या नावाला आपणच डाग लावू नये असे त्याच्या बायकोचे म्हणणे पडले. मुलीचे लग्न झाले. तोपर्यंत ती गोष्ट इतकी जुनी झाली होती की ती सांगायला सुरुवात कुठून करावी हेच त्याला कळेना.

क्षेमक एका उन्हाळ्यात तापाने वारला. त्याला पोचवायला गल्लीतली थोडी माणसे आली. परतताना त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "माणूस चांगला होता. धंद्यात मात्र नाव गेलं बिचाऱ्याचं." चित्रक त्यांच्या मागून चालत होता.

मग तो बोलू लागला. पहिल्यांदा तो वासवाकडे गेला. वासव आता थकला होता, ओट्यावर उशीला टेकून बसला होता. चित्रकाने सगळे सांगितले: राख, सावलीत टांगलेली पखाल, पिंगलाचा बैल, वेशीवरचे आपले गप्प बसणे. वासव ऐकत राहिला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुमच्या अंगणातून राखेचा वास येत होता. फाडलेलं कातडं पाहिलं तेव्हाच कळलं कुठलं कुणाचं ते. मी गप्प बसलो, त्यात माझा फायदा होता. तू कशासाठी बसलास?"

चित्रक तिथून उठला आणि अनुरथाच्या वाड्यावर गेला. अनुरथ गेल्याच साली वारला होता. त्याचा मुलगा आता तांडा चालवीत होता. त्याने आदराने चित्रकाला बसायला पाट दिला आणि कामाची घाई असूनही सगळी हकिगत ऐकून घेतली. चित्रकाने ती नीट सांगितली. कोणत्या पखाली कुणी केल्या, कोण तेव्हा नगरात होता, कोण नव्हता, कोणता शब्द खरा होता. शेवटी तो म्हणाला, "म्हणून सांगायला आलो. क्षेमकाच्या पखालीत कधीच खोट नव्हती."

तो तरुण काही वेळ आठवून पाहत राहिला. मग संकोचून म्हणाला, "काका, मला माफ करा. क्षेमक म्हणजे कोण?"

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहाराच्या ओसरीत सांगितली. पूर्णक नावाच्या उपासकाने नगरात अत्तराचे लहानसे दुकान नव्याने मांडले होते, आणि धंद्यात नाव कसे मिळवावे असे त्याने त्यांना विचारले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा वासव म्हणजे माझ्या उजवीकडे बसलेला हा स्थविर भिक्षू भद्दिल. सार्थवाह अनुरथ म्हणजे ज्याने ही ओसरी बांधून दिली तो गृहपती. पाणक्या पिंगल म्हणजे आज सकाळी आपले पाण्याचे घडे ज्याने भरले तो. आणि पूर्णका, चित्रक म्हणजे तूच होतास."

पूर्णकाने मान खाली घालून विचारले, "भंते, आणि क्षेमक?"

"क्षेमक मी होतो."

तेव्हा पूर्णक उठला, पुढे झाला आणि त्यांच्या पायांशी वाकला. "भंते, त्या पखाली मी केल्या होत्या," तो म्हणाला. "तुम्ही तेव्हा नगरात नव्हता."

"हो," शास्ते म्हणाले.

ज्याचे नाव परत द्यायचे राहिले होते, तो शेवटी समोर सापडला होता. पण आता त्याला कुठल्याच नावाची गरज उरली नव्हती, आणि हे पूर्णकाला कळले म्हणूनच त्याला वर पाहवेना.

स्वतःचे नाव जात असतानाही बोधिसत्त्वाने खरा शब्द सोडला नाही, त्या सत्यपारमितेची, म्हणजे सत्याच्या परिपूर्ण पालनाची, ही कथा आहे.